पॅकअपनंतरचा निरोप

चित्रपट संग्रहालयाचं पत्र आलं तेव्हा बाई स्टुलावर चढून पंखा पुसत होत्या. बाई म्हणजे कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या निवृत्त बाई. तेहेतीस वर्षं शाळेत सगळे त्यांना बाई म्हणाले, मग गल्लीही म्हणू लागली, टपालवालाही म्हणू लागला, आणि आता स्वतःचं नाव त्यांना बँकेच्या खिडकीपाशीच काय ते ऐकू येई. लग्न केलं नव्हतं. का नाही म्हणून कुणी विचारलंच तर म्हणत, "वर्गात वीस मुलं होती, आणखी कशाला?" समोरच्याला एका वाक्यात गप्प करायची त्यांची जुनी खोड होती.

पत्रात लिहिलं होतं की फिल्म धुणाऱ्या एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेच्या गोदामात 'साहेब आत आहेत' या जुन्या विनोदी चित्रपटाची फिल्म सापडली आहे, आपल्या दिवंगत वडिलांची त्यात प्रमुख भूमिका आहे, तरी वारस म्हणून सहीसाठी यावं. बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि पुन्हा पंखा पुसायला घेतला. दोन पाती झाली होती, तिसरं तसंच राहिलं.

हा सिनेमा बावन्न वर्षांपूर्वी नऊ दिवस चालला होता. दहाव्या दिवशी थिएटरवर दुसऱ्याच सिनेमाची पाटी लागली, आणि त्यानंतर कुणी त्याचं नाव काढलं नाही. सिनेमात थट्टा होती सरकारी कचेऱ्यांची, आणि पहिल्या खेळाचे फुकट पास वाटले होते कचेरीतल्याच लोकांना. त्यांनी काय कपाळ हसावं! बाईंनी तो कधी पाहिला नव्हता. पाहायचाही नव्हता. तो हरवला हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ब्याद टळली असंच त्यांना वाटत आलं होतं.

त्यांचे बाबा हाडाचे विनोदी नट. हाडाचेच म्हणायला हवं, कारण अंगावर मांस नव्हतं. लोक त्यांना काडीपैलवान म्हणत. कुठल्याही सिनेमात चिखलात पडायचं असलं, चुकीच्या दारावर पत्र टाकायचं असलं, नाहीतर सासूचा मार खायचा असला की काडीपैलवानाला बोलावणं जाई. दोन मिनिटांत लोकांना लोळवायचं आणि पडद्यावरून जायचं. आख्ख्या आयुष्यात नायकाचं काम मिळालं ते एकदाच, या सिनेमात.

बाई दुसऱ्या दिवशी गेल्या त्या सही करून पाठ फिरवायची असं ठरवूनच.

खोली थंडगार होती आणि आंबूस वास मारत होती. जुनी फिल्म कुजायला लागली की असाच वास येतो, असं तिथल्या संकलकांनी सांगितलं. हा माणूस निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, टकला, हातात पांढरे सुती मोजे घातलेला. तुटलेल्या फिल्मचे तुकडे जोडण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याच्यासमोर एक मोठं टेबल होतं, त्यावर फिल्मच्या फिरत्या थाळ्या आणि मधे वहीएवढा काचेचा पडदा. दांडी पुढे ढकलली की चित्र पुढे, मागे ओढली की मागे.

"चित्र आहे, पण आवाज नाही," संकलक म्हणाले. "आवाजाची फिल्म वेगळ्या डब्यात होती, तिचा पार चिखल झालाय. संवादांची वही नाही. काम केलेलं माणूस एक शिल्लक नाही. विनोदी सिनेमा, आणि तोही मुका! लोक मला सांगतात, संवाद कुठूनतरी मिळवा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून आणू?"

बाईंनी नुसती मान हलवली आणि पेन मागितलं. पण सही घेण्याआधी थोडं दाखवावं, म्हणून संकलकांनी भल्या मनानं दांडी पुढे ढकलली. काचेवर एक लांब व्हरांडा उमटला. बंद दार, दाराशी स्टूल, आणि स्टुलावर ढगळ गणवेशातला शिपाई. शिपाई उठला. समोरच्या माणसाला त्यानं आपादमस्तक न्याहाळलं आणि ओठ हलवले.

तेहेतीस वर्षं बाईंनी मुलांना एकच गोष्ट शिकवली होती, माणसाच्या ओठांवरून शब्द वाचायचे. ते डोळे त्यांचे थोडेच ऐकणार! वाचायचं नाही असं ठरवेपर्यंत वाचून झालं होतं.

"साहेब आत आहेत," बाई म्हणाल्या. "पण तुमच्यासाठी नाहीत."

संकलकांचा हात जागच्या जागी थांबला. "काय म्हणालात?"

"मी नाही. ते म्हणाले."

संकलकांनी चित्र मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं, आणि मग मोजे काढून कपाळ पुसलं. म्हणजे देव पावला म्हणायचा, असं काहीसं ते पुटपुटले आणि एकदम अजिजीवर आले. बाई, एवढं वाचून द्या, येण्याजाण्याची व्यवस्था करतो, चहा करतो, म्हणाल ते करतो. बाई नको म्हणणारच होत्या. तेवढ्यात संकलक सांगू लागले की हा तयार सिनेमा नाही, त्याचे कच्चे तुकडे आहेत. एकेक शॉट चारचारदा घेतलेला, शॉटचा नंबर लिहिलेली पाटी पडायच्या आधीपासून 'कट' म्हटल्यानंतरच्या चार क्षणांपर्यंत सगळं जसंच्या तसं. पाटीवर तारखा आहेत.

"तारखा आहेत?" बाईंनी विचारलं.

"सगळ्या."

"मार्चची एकोणीस?"

संकलकांनी डब्यांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या. "आहे. एक डबा आहे. शेवटचा."

"मग मी येते उद्यापासून," बाई म्हणाल्या आणि सही न करताच उठल्या.

एकोणीस मार्चला बाईंची आई गेली होती.

तेव्हा बाई अकरा वर्षांच्या होत्या. बाबा त्यांना आजीबाई म्हणत, कारण पोर जन्मापासून गंभीर. आईचं दुखणं वर्षभराचं. बाबा शूटिंगला गेले ते दिवसभराच्या प्रवासावर असलेल्या शहरात. एकोणीस तारखेला पहाटे आई गेली. शेजारच्या काकू आईजवळ बसल्या आणि पोर धावत दवाखान्यात गेली, कारण फोन तिथेच होता. स्टुडिओचा नंबर तिला पाठ होता. तिकडून कुणी पुरुष बोलला. ती म्हणाली, "आई गेली. बाबांना सांगा." तो म्हणाला, "सांगतो हं, बाळ." तेव्हा साडेआठ वाजले होते. दहाची गाडी पकडली असती तर बाबा दिवेलागणीला घरी पोचले असते. सगळे संध्याकाळपर्यंत थांबले. मग कुणीतरी मोठं माणूस म्हणालं, आता किती थांबायचं.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. कानामागे मेकअपचा रंग तसाच होता. अकरा वर्षांच्या पोरीनं दारातच विचारलं, "निरोप कधी मिळाला?"

बाबा म्हणाले, "सकाळीच."

बस्स. त्यापुढे तिला काही विचारायचं उरलं नाही. महिन्याभरात मावशी येऊन तिला आपल्याकडे घेऊन गेली. बाबांनी पुन्हा सिनेमात पाऊल टाकलं नाही. ते कापडाच्या दुकानात गज घेऊन कापड मोजत राहिले, आणि लोकांना हसवायचं तर सोडाच, गिऱ्हाइकाशीही कामापुरतंच बोलत. मुलगी वर्षातून दोनदा येई, जेवे, भांडी घासून ठेवी आणि जाई. त्यांना एकोणीस वर्षं हे असंच मिळालं. मग तेही गेले.

आई मेल्याचं कळल्यावर हा माणूस दिवसभर लोकांना हसवत होता का, एवढंच बाईंना पाहायचं होतं. बावन्न वर्षं त्यांनी जे धरून ठेवलं होतं ते खरं होतं की नव्हतं?

तो डबा पहिल्या दिवशीच मागता आला असता. पण ज्या विहिरीत उतरायचंय तिच्या काठानं माणूस आधी चार चकरा मारतोच. बाई म्हणाल्या, पहिल्यापासून घ्या. संकलकांनाही तेच हवं होतं. रोज सकाळी दहाला बाई येत, चष्मा पुसत, आणि संकलकांच्या वहीत संवाद उतरू लागत. बाई सांगत, ते लिहीत. कधी अडलं की बाई म्हणत, "इथे प आहे की ब की म, ओठांवर कळत नाही. बाबा, पापा, मामा, सगळे सारखेच दिसतात." मग पुढचामागचा संदर्भ लावून शब्द ठरे.

सिनेमाची गोष्ट मोठी गमतीची होती. एका कचेरीतल्या साहेबांची बदली होते, साहेब जातात, पण बदलीचा कागद फायलींच्या ढिगाऱ्यात गडप होतो. कुणालाच पत्ता नाही. फक्त दारावरच्या शिपायाला ठाऊक आहे की आत खुर्ची रिकामी आहे. पण ते सांगितलं तर आपली नोकरी जाईल. साहेबच नाही तर दारावरचा शिपाई कशाला! म्हणून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, साहेब आत आहेत. फायली आत नेतो, जरा वेळानं बाहेर आणतो आणि म्हणतो, साहेब म्हणाले तुम्हीच बघा. लोक घाबरून स्वतःच निर्णय घेतात आणि दहा वर्षं अडलेली कामं दहा दिवसांत होतात. सगळीकडे बोलबाला होतो, की साहेब असावा तर असा! साहेबांचा सत्कार ठरतो. रिकाम्या खुर्चीला हार घालतात, आणि फोटोत शिपाई हार सारखा करताना दिसतो.

तिसऱ्या दिवशी बाई हसल्या. शिपाई आतल्या नसलेल्या साहेबांना दारातून वाकून नमस्कार करतो आणि वाकलेलाच मागे मागे येत स्टुलावर आदळतो, एवढंच होतं. पण हसू फुटलं ते फुटलंच, आणि आवरताना बाईंची त्रेधा उडाली. बाबा त्यांना कधी हसवू शकले नव्हते. लहानपणी हसायचं त्या टाळत आणि मोठेपणी हसवायला बाबाच तयार नव्हते. आता बावन्न वर्षांनी एका काचेवर त्यांनी पोरीला हसवलं होतं. बाईंना त्याचा रागच आला.

दुसऱ्या आठवड्यात एक तुकडा आला. पाटी अजून पडायची होती. बाबा गणवेश सारखा करत उभे होते आणि कडेनं एक हात आत आला, हातात पाकीट. बाबांनी हात झटकला.

बाई वाचू लागल्या. "पत्र? पॅकअपनंतर. काहीही येवो, पॅकअपनंतर. नियम माझाच आहे, मीच मोडू?" मग बाबा वळले आणि कुणाला तरी हसत सांगू लागले. बाईंचा आवाज हळू झाला. "तुम्ही नवीन, तुम्हाला माहीत नाही. मागे एकदा ऐन शॉटच्या आधी बातमी दिली, तुम्हाला मुलगी झाली. सीन होता रडण्याचा. दिवसभर मला रडूच येईना, नुसता हसत सुटलो! निर्मात्यानं शिव्या घातल्या. तेव्हापासून फोन, तार, चिठ्ठी, सगळं टेबलाच्या खणात. चांगलं असो, वाईट असो, दिवसाचं शूटिंग संपून पॅकअप झालं की हातात."

पाटी पडली. बाईंनी संकलकांना थांबायला सांगितलं.

साडेआठला फोनवर बोललेल्या त्या माणसानं 'सांगतो हं, बाळ' म्हणून चिठ्ठी लिहिली असणार आणि खणात टाकली असणार. दिवसभर ती खणात पडून राहिली असणार. बाबांना कळलं ते संध्याकाळी, आणि ते रात्रीच्या गाडीत बसले. दिवसभर काम केलं ते काहीच माहीत नसताना. म्हणजे एकोणीस वर्षं आपण एका निरपराध माणसाला शिक्षा दिली. आणि त्या नियमाच्या मुळाशी कोण, तर आपला जन्म!

संकलकांनी चहा आणला. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, अगदी फोनपासून. कुणाला हे सांगायची त्यांची ही पहिलीच वेळ. संकलक ऐकत राहिले. मग कपातली साय बोटानं बाजूला करत म्हणाले, "पण बाई, मग ते 'सकाळीच' का म्हणाले?"

"घाबरून बोलले असतील. चूक झाली असेल."

"असेल," संकलक म्हणाले. त्यांना ते पटलेलं नव्हतं हे ओठ न वाचताही कळत होतं.

त्या दिवशी बाई घरी चालतच गेल्या. त्यांच्या छातीवर आता दुसराच दगड होता, आणि तो पहिल्यापेक्षा जड होता. कारण त्या दारात बाबांनीही एक प्रश्न विचारला होता. 'सकाळीच' म्हणून झाल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पोरीला विचारलं होतं, "आई काही म्हणाली का गं, माझ्यासाठी?"

आई म्हणाली होती. आदल्या संध्याकाळी, शुद्धीत असताना, पोरीला जवळ बसवून नीट म्हणाली होती, आणि हे बाबांना सांग असं बजावलं होतं. पोर बाबांच्या कानामागच्या रंगाकडे बघत म्हणाली, "काही नाही."

एकोणीस वर्षांनी इस्पितळात बाबांनी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की बाईंनी शब्द कानांनी नाही, ओठांवरूनच वाचले. "आई काही म्हणाली होती का गं?" त्या वेळी सांगायचं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगायचं तर इतकी वर्षं खोटं बोलले हेही सांगावं लागणार. तीस वर्षांची बाई, शाळेत चांगलं नाव असलेली, तिला तेवढा धीर झाला नाही. त्या म्हणाल्या, "आता आठवत नाही, बाबा. पडून राहा." बाबांनी मान हलवली. चौथ्या दिवशी ते गेले. स्टुडिओतल्या माणसानं निरोप एक दिवस दाबून ठेवला होता. बाईंनी तो जन्मभर दाबून ठेवला.

एकोणीस मार्चचा डबा उघडला तो सोमवारी. संकलकांनी फिल्म थाळीवर चढवली आणि न विचारता खुर्ची बाईंच्या जरा मागे सरकवून घेतली.

हा सिनेमातला सगळ्यात मोठा शॉट होता. वरून बडे अधिकारी तपासणीला आलेत. शिपाई आत डोकावतो, नसलेल्या साहेबांनी काही विनोद केला असं दाखवून हसत बाहेर येतो. साहेब हसले म्हटल्यावर हेडक्लार्क हसतो, काय विनोद ते न विचारता. मग त्याच्या मागचा कारकून, मग टंकलेखिका, मग पाणीवाला, आणि शेवटी बडे अधिकारीही पोट धरून हसतात, कारण न हसणारे आपण एकटेच कसं राहायचं! तीन मिनिटं सगळी कचेरी कुणीच न केलेल्या विनोदावर हसते. मधे कुठे कापायचं नाही, एका दमात.

पहिला टेक. पाटीवर तारखेखाली सकाळची वेळ लिहिलेली होती. बाबा हसत बाहेर आले, पण मागे बसलेले कारकून हसेनात. हसत होते, पण दात दाखवल्यासारखे. टंकलेखिकेनं तोंड फिरवलं. कुणीतरी कट म्हटलं असावं, कारण सगळे सैल पडले. बाबा कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे वळले.

"काय झालंय काय तुम्हा सगळ्यांना?" बाईंनी वाचलं. "कुणी मेलंय का?"

वाचून झाल्यावर त्या शब्दांचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला. संकलकांनी दांडीवरचा हात काढून घेतला, पण बाई म्हणाल्या, "चालू ठेवा."

काचेवर कुणी हसलं नाही. हेडक्लार्क म्हणजे एक म्हातारा नट होता, त्यानं मान खाली घातली. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. तुकडा संपला.

दुसरा टेक. पाटी पडायच्या आधीच बाबा हेडक्लार्कच्या टेबलाजवळ उभे. चेहरा बाजूनं दिसत होता. बाईंनी तो तुकडा तीनदा मागे नेऊन वाचला, कारण चूक व्हायला नको होती.

"घरचं आहे?" बाबांनी विचारलं होतं.

म्हाताऱ्यानं नुसता हात पुढे करून बाबांचं मनगट धरलं. बाबा तसेच उभे राहिले. मग त्यांनी आपलं मनगट हलकेच सोडवून घेतलं.

"सांगू नका," बाई वाचत होत्या. त्यांचा आवाज वर्गात वाचून दाखवावा तसा सरळ होता. "आत्ता सांगू नका. सांगितलंत तर मला हसता येणार नाही. उद्या सेट मोडतायत. एवढा शॉट होऊ दे."

म्हणजे त्यांना कळलं होतं. सकाळीच कळलं होतं. शब्दांनी नाही, एका म्हाताऱ्याच्या हातावरून. संध्याकाळी मिळालेली चिठ्ठी पुढे करून ते सुटू शकले असते. पोरीला 'संध्याकाळी' म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं, आणि तिनं त्यांच्या गळ्यात पडून रडून घेतलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. अकरा वर्षांच्या पोरीनं विचारलं, तर खरं ते सांगितलं. त्या दारात उभ्या असलेल्या दोघांत खोटं बोललं होतं ते एकानंच, आणि तो माणूस बाबा नव्हते.

"थांबूया का?" संकलकांनी विचारलं.

"एक टेक राहिलाय ना?"

तिसरा टेक. पाटीवर आता संध्याकाळची वेळ होती, मधला दिवस तयारीत गेला असावा. शिपाई आत डोकावला, थबकला, आणि हसायला लागला. आधी नुसते खांदे. मग तोंडावर हात. मग हात झुगारून, भिंतीला टेकून, गुडघे वाकवून, टोपी छातीशी धरून तो असा हसला की मागचे कारकून खरोखरच हसले, टंकलेखिका यंत्रावर डोकं ठेवून हसली, बडे अधिकारी हसले, आणि बाईंच्या मागे संकलकही हसले. त्यांना हसायचं नव्हतं. ते 'माफ करा, माफ करा' म्हणत होते आणि हसत होते, आणि डोळे पुसत होते. बाईही हसत होत्या. काळीज फाटत होतं आणि हसू थांबत नव्हतं. इतका मोठा नट आपला बाप होता आणि आपण त्याची भांडी घासून परत जात होतो, असं त्यांच्या मनात येत होतं.

कट झालं असावं. अधिकारी झालेले नट टाळ्या वाजवू लागले. पण कॅमेरा बंद झाला नाही. चालवणाऱ्याच्या लक्षात राहिलं नसेल, किंवा हात उचलला नसेल. बाबा टाळ्या वाजवणाऱ्यांकडे न बघता सरळ पुढे आले, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. टोपी हातात होती. हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी तसंच होतं. कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या कुणाकडे तरी त्यांनी पाहिलं. चेहऱ्यावर आता हसण्याचा मागमूस नव्हता. ओठ हलले.

"हं," बाईंनी वाचलं. "आता सांगा."

त्यानंतर चार चौकटी कोऱ्या होत्या. फिल्म संपली होती.

संकलकांनी पेन वहीवर आडवं ठेवलं. मग हळूच म्हणाले, "सिनेमाला पाटी ते कट एवढंच लागतं. हे पुढचंमागचं मी नाही लिहिलं तरी चालेल, बाई. कुणाला कळायचं नाही."

"लिहा," बाई म्हणाल्या. "सगळं लिहा. आणि तेवढं मागे घ्या."

"किती मागे?"

"शेवटचं. ते बोलतात तिथे. आणि थांबवून ठेवा."

"फार वेळ नाही ठेवता यायचं. दिव्यानं तापते, जुनी आहे. डाग पडेल."

"फार वेळ नाही लागणार."

संकलकांनी दांडी मागे ओढली आणि चित्र थांबवलं. बाबांचे ओठ किंचित उघडे होते. 'सांगा' म्हणून झालं होतं आणि आता ते ऐकायला उभे होते. चौतीस-पस्तीसचा एक हडकुळा माणूस, आज समोर बसलेल्या त्यांच्या लेकीहून जवळजवळ तीस वर्षांनी लहान. बाई खुर्ची पुढे सरकवून काचेच्या जवळ गेल्या. संकलक उठून दाराकडे निघाले, पण बाईंनी त्यांना हातानं बसा म्हटलं. लपवून ठेवायचं असं आता काही उरलं नव्हतं.

"बाबा," त्या म्हणाल्या. "आई म्हणाली होती. आदल्या संध्याकाळी म्हणाली होती. त्यांना मुद्दाम बोलावून घेऊ नका, म्हणाली. जन्मात एकदा मोठं काम मिळालंय, पुरं करून येऊ दे. आणि म्हणाली, आले की त्यांना सांग, मी रागावले नाही. मुळीच रागावले नाही म्हणावं."

काचेवर बाबा तसेच उभे होते. बाईंनी डोळे पुसले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागल्या तेव्हा फिल्म तापल्याचा वास सुटला होता, पण संकलकांनी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं आणि मगच दिवा बंद केला.